मुंबईच्या गोदीत थांबलेला डॉलर

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘अमेरिकेची सुरुवातीची चांदीची नाणी : दुर्मिळता आणि संग्रह’. वेळ पाऊण तास. त्यातली दहा मिनिटं माझ्या ओळखीत गेली आणि त्यात मी तीन पुस्तकं लिहिल्याचं मलाही कळलं. मी एकही लिहिलेलं नाही. असो.

आधी एक उरकून घेऊ. ज्यांच्या घरी दुर्मिळ म्हणून गाजलेला १९३९ चा रुपया आहे त्यांनी हात वर करा. अरे वा! आता ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं रामदरबाराचं नाणं कुणाकडे आहे? बघा, तेच हात. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, हे मी इतक्या घरांत सांगितलंय की दोन नातेवाइकांनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

नाण्याला चोराचं भय असतं तेवढंच लिंबाचं. हे माझं दुखणं आहे, तेव्हा जरा ऐकून घ्या. मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिथं एका छोट्या दुकानात १७९५ चा अर्धा डॉलर दिसला. झिजलेला, काळवंडलेला, पण माझ्या पेन्शनीत कसाबसा बसणारा. किंमत सांगत नाही, आमच्या सौभाग्यवती दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. पुढच्या बाजूला मोकळ्या केसांची लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी, भोवती पंधरा तारे. मागच्या बाजूला एक गरुड, अगदी किडकिडीत, पावसात भिजलेल्या कोंबडीसारखा. दर्शनी किंमत दोन्ही बाजूंना नाहीच, ती कडेवर अक्षरांत कोरलेली : पन्नास सेंट किंवा अर्धा डॉलर. आणि लिबर्टीच्या गालावरून तीन तिरप्या रेघा.

या रेघांनीच मी खुळावलो. त्या काळी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चांदीची चकती छापाखाली जाण्याआधी काट्यावर तोलायचे. जड निघाली तर कानशीनं घासून वजनाला आणायची, हलकी निघाली तर परत मुशीत. घासल्याच्या रेघा खोल असल्या तर छाप बसल्यावरही त्या बुजत नसत. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हातात कानस धरून वाकलेलं, ते या रेघांत दिसतं.

त्या दिवाळीला थोरल्या भावाकडे ते दाखवायला नेलं. लक्ष्मीपूजनाचा दिवस. मी भावाशी गप्पा मारतोय तोवर वहिनींनी पूजेची नाणी उजळायला घेतली. चिंच, लिंबू, वर बारीक रांगोळी. तासाभरानं ताटात बघतो तर जॉर्ज, व्हिक्टोरिया आणि मधोमध माझी लिबर्टी, नव्या स्टीलच्या वाटीसारखी चकचकीत! वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, फार कळकट झालं होतं हो. सगळं निघालं, तेवढे ओरखडे मात्र कितीही घासले तरी जाईनात.’’ मी काय बोलणार? आरती म्हटली. बाजारात त्याची किंमत आता निम्मी झाली असेल. पण कानशीच्या रेघा वहिनींनाही पुरून उरल्या, याचा मला आजही आनंद आहे.

अहो, नाणं घासायचं नाही, हे मी... हो, हो, येतोय विषयावर. जाता जाता एवढंच, नाण्यावरच्या सालावर विसंबू नका. आपल्या मुंबई टाकसाळीनंच १८६२ हे साल पुढं १८७४ पर्यंत रुपयांवर तसंच ठेवलं आणि फक्त खरं वर्ष ओळखायचे ठिपके बदलले. ते ठिपके मोजून डोळे गेलेले दोघे-तिघे इथं बसलेत. तिकडे बोस्टनमध्येही तीच खोड. जॉन हल यांच्या टाकसाळीतले पाइनच्या झाडाचे शिलिंग पुढची कितीतरी वर्षं १६५२ हेच साल मिरवत राहिले.

ही चिठ्ठी आली. ‘सात मिनिटं’ की ‘सात झाली’? बरं, पळतो आता.

लोकांना वाटतं, नाणी कमी पाडली म्हणून दुर्मिळ. तेही खरंच आहे. १७९४ चे डॉलर १,७५८ च पाडले, त्यांतला एक २०१३ मध्ये एक कोटी डॉलरच्या वर गेला. पण पाडलेली नाणी गेली कुठं, हे बघा. १७९२ च्या कायद्यानं डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम, शुद्ध चांदी ठरवली आणि कुणीही चांदी आणावी, टाकसाळ ती फुकट पाडून देईल असंही ठरवलं. आता व्यापाऱ्याचं डोकं चालवा. वेस्ट इंडीजमध्ये हा नवा कोरा डॉलर थोड्या जड स्पॅनिश डॉलरला एकास एक चाले. तिथं नवे द्या, स्पॅनिश आणा, टाकसाळीत टाका, जास्त नवे घ्या, पुन्हा जहाजात बसा. सरकार खर्चून नाणी पाडतंय आणि देशात एकही टिकत नाही! १८०४ नंतर डॉलर पाडणं थांबलं, १८०६ मध्ये जेफरसन सरकारनं तसा हुकूमच दिला. अमेरिकनांच्या खिशात स्पॅनिश डॉलर खुळखुळत राहिले आणि १८५७ पर्यंत तेही कायदेशीर चलन होतं. उरलेली जुनी छोटी नाणी १८५३ नंतर मुशीत गेली, कारण त्या वर्षी अर्ध्या डॉलरचं वजन सुमारे सात टक्क्यांनी घटवलं आणि जुनी जड नाणी आटवण्यात फायदा दिसू लागला. सांगायचं ते एवढंच : चलाख व्यापारी आणि सराफाची मूस यांनी दुर्मिळता घडवली.

आता १८०४ चा डॉलर. त्या वर्षी टाकसाळीच्या दप्तरात १९,५७० डॉलरची नोंद आहे, पण ते आधीच्या सालांच्या ठशांनी पाडलेले. १८३४ मध्ये एडमंड रॉबर्ट्स हे अमेरिकेचे दूत सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा आणि मस्कतचा सुलतान यांच्याकडे जायचे होते. नजराण्याला नाण्यांचे संच हवे होते, तर दप्तर बघून १८०४ चा नवा ठसा कोरला. पुढं टाकसाळीतल्याच मंडळींनी मागल्या दारानं आणखी पाडले. एक तर १८५७ च्या स्विस नाण्यावरच छापलाय! सगळे मिळून आज जेमतेम पंधरा-सोळा ठाऊक आहेत. मस्कतचा मानला जाणारा २०२१ मध्ये ७६ लाख डॉलरच्या वर गेला.

दोनच मिनिटं. रॉबर्ट्स यांचं जहाज ‘पीकॉक’ १८३५ च्या सप्टेंबरात ओमानच्या मसिरा बेटाजवळ खडकावर चढलं. तोफा समुद्रात टाकून ते हलकं केलं, तेव्हा कुठं सुटलं. मस्कतला नजराणा पोचला आणि तळ फुटलेलं जहाज दुरुस्तीला आलं ते आपल्या मुंबईच्या गोदीत. सयामच्या राजाचा संच अजून द्यायचा होता, तो १८३६ मध्ये बँकॉकला पोचला. म्हणजे बहुधा तो डॉलर त्या हिवाळ्यात इथं, फोर्टातल्या टाकसाळीपासून हाकेच्या अंतरावर पेटीत पडून होता! कागदावर मला हे अजून सिद्ध करता आलेलं नाही, पण

बरं, बरं. चहा निवतोय म्हणतात. प्रश्न तिथंच विचारा. आणि रामदरबारवाल्यांनी कृपया रांग लावावी.