पहारा

[दृश्य: वाशिष्ठी नदीवरचा पूल. जुलैची संध्याकाळ. फक्त पावसाचा आवाज.]

चिपळूणमध्ये पाऊस लागला की मोठी माणसं आभाळाकडे बघतात, पोरं मोबाइलकडे. भरती किती वाजता, कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलंय का, नदी इशारा पातळीच्या किती खाली आहे... नववी-दहावीतल्या पोरांना हे क्रिकेटच्या स्कोअरसारखं तोंडपाठ.

२२ जुलै २०२१ला ती दहा-अकरा वर्षांची होती. रात्रभर कोसळणारा पाऊस आणि खालून दाभोळच्या खाडीची भरती. सकाळपर्यंत बाजारपेठ पाण्याखाली. एसटीचे आगारप्रमुख आगाराची रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. ती गोष्ट सगळ्यांनी ऐकली. गच्चीवरून हे बघणाऱ्या पोरांना मात्र कुणी फारसं विचारलं नाही.

मला त्याचं नवल वाटत नाही. २६ जुलै २००५च्या पुरात मी नववीत होते. पाणी ओसरलं, चिखल उपसला, भिजलेली दप्तरं वाळवली, शाळा सुरू झाली. भीती वाटली का, असं विचारायची पद्धतच नव्हती. पण एक फरक आहे. आमचा पूर येऊन गेला होता. या पोरांना भूगोलाच्या तासाला कळतं की अरबी समुद्र तापतोय, अतिवृष्टीच्या घटना वाढतायत. त्यांच्या लेखी पूर अजून यायचाच आहे.

[दृश्य: लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर. १८६४ साली सुरू झालेलं. दोन्ही पुरांत पुस्तकं भिजली.]

२०२१मध्येच भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यातली ५९ टक्के हवामान बदलामुळे खूप किंवा अतिशय चिंतेत होती. ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं, की याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. इथे मात्र 'चिंता' हा शब्द कुणी वापरत नाही. पोटात गोळा येतो म्हणतात. नाहीतर काहीच म्हणत नाहीत, दर दहा मिनिटांनी ॲप उघडतात.

स्वीडनमधल्या संशोधक मारिया ओयाला यांनी, मुलं हे ओझं कसं पेलतात याचा बरीच वर्षं अभ्यास केलाय. काही जण विषयच टाळतात: 'एवढं काही होत नाही.' काही जण कामाला लागतात. आणि गंमत अशी, की बारा वर्षांच्या मुलांमध्ये, जी सारखा उपायांचाच विचार करत होती ती जास्त अस्वस्थ निघाली. जग एकट्याने वाचवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? ज्यांना वाटत होतं, की आपल्याबरोबर आणखी कुणीतरी यात आहे, ज्यांच्यावर भरवसा ठेवता येईल अशी माणसं आहेत, ती बरी होती.

[दृश्य: नदीपात्र. पोकलेन, डंपर, गाळाचे ढीग.]

डिसेंबर २०२१मध्ये वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. मग पात्रात यंत्रं उतरली. गाळ काढला म्हणून समुद्र थंड होत नाही, हे पोरांनाही कळतं. पुराला गाळ, भरती, धरण, बांधकामं अशी दहा कारणं आहेत, हेही कळतं. तरी पुलावर उभं राहून ती डंपर मोजायची. हवामान बदल मुठीत मावत नाही. गाळ मावतो.

[दृश्य: घर. रात्र. कॅमेरा जिन्यावर.]

या मुलीने नाव सांगू नका म्हटलंय. दहावीत आहे. बाबांचं खाली दुकान, वर घर. दोन वर्षं ती पावसाच्या रात्री अंथरुणात जागी असायची आणि घरातले म्हणायचे, "झोप गं, आम्ही आहोत ना." त्याने झोप कधीच आली नाही. गेल्या पावसाळ्यात तिने वेगळंच मागितलं: मलाही पहारा द्या.

आता जोराचा पाऊस लागला की पाळ्या लागतात. दहा ते बारा आई. बारा ते दोन ती. पुढे बाबा. हातात टॉर्च, जिन्याच्या तिसऱ्या पायरीला खडूची खूण. पाणी तिथे आलं, तर सगळ्यांना उठवायचं आणि गादीखालची कागदपत्रांची पिशवी घेऊन वर जायचं.

कधीकधी ती पाळीत गणितं सोडवते. परवा तर तिचा डोळाच लागला होता, असं आईने हसत सांगितलं. ते तिला अजिबात आवडलं नाही.

दोन वाजता ती बाबांना हलवते. "बाबा, उठा. तुमची पाळी."

टॉर्च त्यांच्या हातात देते, आणि झोपते.