सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

मंडळी, जुन्या एमजीबीखाली (ही 1960 च्या दशकातली ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) तेलाचा डाग दिसला की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलं. दुसरी, ब्रिटिश गाडी आहे, गळणारच. दुसरं वाक्य मला मुळीच पटत नाही. सील बदलायला इंजिन उतरवण्याआधी बॉनेट उघडून ब्रीदर, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारी वाट, तपासा, एवढंच माझं मागणं आहे.

पिस्टन रिंग कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनातला थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या खालच्या पोकळीत, उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. हा वायू बाहेर पडला नाही तर दाब वाढतो आणि तेलाला जिथे फट मिळेल तिथून ढकलतो. 1962 ते 1964 मधल्या तीन बेअरिंगच्या एमजीबीत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. तेल मागे फिरवणारे आटे होते. आतला दाब वाढला की त्या आट्यांचं काही चालत नाही. वाफ आतच राहिली तर तेल भरायच्या झाकणाखाली साईसारखा पिवळट थर धरतो, तो वेगळाच.

पूर्वी यावर उपाय म्हणजे टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या बाजूचं झाकण) खाली सोडलेली उघडी नळी. गाडी धावताना खालून जाणारा वारा नळीतला वायू ओढून घ्यायचा. गाडी उभी राहिली की ओढ संपली, आणि सगळी घाण रस्त्यावर. 1964 मध्ये एमजीबीला बंद पद्धत आली: वायू इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांत) न्यायचा आणि जाळून टाकायचा. मध्ये स्मिथ्सचा गोल व्हॉल्व्ह, त्यात रबरी पडदा.

हा व्हॉल्व्ह तपासणं अगदी सोपं आहे. इंजिन गरम करून आयडलला (पाय न देता मंद चालू) ठेवा आणि तेलाचं झाकण काढा. व्हॉल्व्ह चालू असेल तर वेग साधारण 200 आरपीएमने वाढतो, कानालाच कळतं. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह तुंबलेला आहे. पडदा फाटला असेल तर आयडल बिघडतं, कधी तेलही ओढलं जातं आणि मागून निळा धूर येतो.

1960 च्या दशकाच्या अखेरीस कारखान्याने व्हॉल्व्ह काढून टाकला आणि नळी थेट दोन्ही एसयू कार्ब्युरेटरना, कार्ब्युरेटरच्याच पिस्टन आणि थ्रॉटलच्या मधल्या जागेत जोडली गेली. तिथली ओढ कमी पण स्थिर असते. मला ही मांडणी फार आवडते: हलणारा भाग नाही, फाटायला पडदा नाही. टॅपेट कव्हरवरच्या डब्यातली तारेची जाळी मात्र धुवायला हवी.

आणि ते तेलाचं झाकण! वायू बाहेर जायचा तर ताजी हवा आत यायला हवी, आणि ती झाकणातल्या गाळणीतून येते. म्हणून कारखान्याने ते दर 12,000 मैलांना बदलायला सांगितलं होतं. बाजारात चकचकीत क्रोमची झाकणं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच झाकणांना भोकच नसतं. विकत घेण्याआधी फुंकून बघा. कोळशाचा डबा (पेट्रोलची वाफ शोषणारा) असलेल्या नंतरच्या गाड्यांत मात्र उलट: तिथे हवा रॉकर कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) नळीतल्या बारीक छिद्रातून मोजून येते. तिथे बंद झाकणच लावा, नाहीतर जास्तीची हवा शिरून पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होईल.