वेल्डिंग मारायच्या आधी

(शाळांच्या परिवहन समित्या, बसमालक आणि पालक यांच्यासमोर नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय, 'स्कूल बसचा रिकॉल : कायदा आणि प्रक्रिया'. रिकॉल म्हणजे सदोष गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं. प्रक्रिया सांगणारच आहे. पण तिच्याआधी लांबीबद्दल बोलावं लागेल. बसची लांबी नव्हे, डेंटर-पेंटर खाचखळगे बुजवायला पत्र्यावर फासतो ती लांबी. बघा, बसमालक हसले, पालक हसले नाहीत. कोणाला काय माहीत आहे ते तेवढ्यात कळलं.

आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटाकडे. त्याआधी पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बस उभ्या असतात आणि तेव्हाच पासिंगची, म्हणजे आरटीओच्या तपासणीची, घाई होते. गाडी जॅकवर चढते, धुतली जाते आणि मागच्या कमानीच्या, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगच्या, ब्रॅकेटजवळ केसाएवढा तडा दिसतो. मग ठरलेला क्रम. वेल्डिंगचा टाका मारा, वरून पट्टी ठोका, ग्राइंडर फिरवा, लांबी भरा, रंग मारा. बस नवरीसारखी सजून आरटीओत जाते आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यांना रंग दिसतो. रंगात दोष नसतोच.

माझी तक्रार वेल्डरवर नाही. त्याला 'बंद कर' म्हटलं, त्याने बंद केलं. पण तडा ही माहिती आहे. बस कुठे कमजोर आहे ते ती स्वतः सांगत असते, आणि आपण तिचं तोंड शिवतो.

तडा जातो कुठे? चेसिसचा, म्हणजे बसच्या खालच्या सांगाड्याचा, लाँग मेंबर ही लांब तुळई इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली असते. उभी बाजू, आणि वर-खाली आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्लँज. गाडी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण फ्लँजला येतो, उभ्या बाजूच्या मध्यावर जवळजवळ काहीच नसतो. म्हणून गाडी बनवणारे बजावून सांगतात की फ्लँजला भोक पाडू नका, फ्लँजवर आडवं वेल्डिंग करू नका. आणि आपल्याकडे पायरीचा ब्रॅकेट कुठे चिकटवतात? फ्लँजला. सोपं पडतं ना.

दुसरी जागा म्हणजे बॉडीचे खांब जिथे फरशीच्या सांगाड्यात रुततात ती. इथे चौकोनी पाइपला पाइप वेल्ड केलेला असतो. तडा वेल्डच्या मधोमध सहसा सुरू होत नाही, वेल्ड संपून मूळ लोखंड लागतं त्या काठावर होतो. तिसरी जागा दाराचा खांब आणि खिडक्यांचे कोपरे. चौथी, मागच्या चाकांपलीकडचा लोंबता भाग. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हा भाग व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या, साठ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. मुलं शेवटच्या सीटसाठी भांडतात, कारण गतिरोधकावर तिथे मस्त उसळी बसते. हौ ना, तीच उसळी त्या जोडालाही बसते, फक्त तो 'ये!' म्हणून ओरडत नाही.

आता गतिरोधकाचं निघालंच आहे तर. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, ताशी 25 किलोमीटरने ओलांडायचा. आपल्या गल्लीतला मोजून या. मी म्हणत नाही, टेप म्हणेल.

हिशोबाची एकच गोष्ट लक्षात ठेवा. वेल्डच्या जोडावर ताणाचा चढउतार दुप्पट झाला, तर त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. तीन मुलांच्या सीटवर पाच मुलं बसवणाऱ्यांनी हे सावकाश पचवावं.

आणि तड्यावर नुसतं वेल्डिंग मारलं की काय होतं? तड्याचं टोक आतच राहतं. शेजारचं लोखंड तापून थंड झाल्याने त्याचा गुण बदलतो. वरची पट्टी तेवढाच भाग ताठ करते, सगळा वाक पट्टीच्या कडेला गोळा होतो. पुढचा तडा पट्टीच्या काठावर येतो, आणि आपण म्हणतो, 'अरे, इथे पण गेला?' गेला नाही, तुम्ही पाठवला.

तडा शोधायला मोठं यंत्र लागत नाही. खालचा भाग धुऊन पूर्ण सुकवा. रंगातून चहाच्या ओघळासारखी गंजाची रेघ उतरली असेल तिथे थांबा. रिव्हेटभोवती लाल भुकटी दिसली तर तो ढिला आहे. समोरची काच पुन्हापुन्हा एकाच कोपऱ्यातून तडकत असेल तर दोष काचेचा नाही, चौकट पिळते आहे. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. संशयाच्या जागी डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरणारा रंग, वापरा. तीन डबे येतात. साफ करा, लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. तडा लाल रेघ होऊन वर येतो. तेही नको असेल तर जुना उपाय आहेच : घासलेट लावा, कोरडं पुसा, खडूची पूड लावा. तड्यातलं घासलेट खडूवर उमटतं. खडू शाळेकडे मागा, नाही म्हणणार नाहीत.

कोणीतरी घड्याळ दाखवतंय. कळलं. पण अमेरिकेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय रिकॉल समजणार नाही.

तिथे जुन्या अपघातांत स्कूल बसचे पत्रे जोडांतून उघडायचे आणि पात्यासारखे मुलांना लागायचे. म्हणून नियम आला : बॉडीच्या जोडाने जोडलेल्या पत्र्यांपैकी कमजोर पत्र्याच्या ताकदीच्या किमान साठ टक्के ताकद धरली पाहिजे. छताचा वेगळा नियम, इंधनटाकीच्या संरक्षणाचा वेगळा. लागू, 1 एप्रिल 1977. केंटकी राज्यात कॅरल्टनजवळ 14 मे 1988 च्या रात्री उलट्या बाजूने आलेली दारुड्याची पिकअप एका जुन्या स्कूल बसवर आदळली. बसमध्ये 67 माणसं होती. धडकेने कोणीच मेलं नाही. पुढच्या दारामागची इंधनटाकी फुटली, पुढचं दार अडकलं, उरलं फक्त मागचं आपत्कालीन दार. आगीत आणि धुरात 27 जण गेले, बहुतेक मुलं. ती बस 1 एप्रिल 1977 च्या जेमतेम काही दिवस आधी बनलेली होती. नवे नियम तिला लागूच नव्हते.

तारखेच्या अलीकडे बनलेली बस तारीख उलटल्यावर रस्त्यावरून गायब होत नाही. अकरा वर्षं धावते, हात बदलते, शाळेकडून चर्चकडे जाते. आपल्याकडेही बस हात बदलते, फक्त उलट दिशेने. जुनी झाली की ती शाळेत येते.

बरं, पाच मिनिटं. कायदा.

मोटार वाहन कायद्याचं कलम 110अ, 2019 च्या दुरुस्तीतलं. नियम मार्च 2021 चे, अंमल 1 एप्रिल 2021 पासून. विशिष्ट मॉडेलमधल्या दोषाने प्रवासी, चालक किंवा रस्त्यावरचे लोक धोक्यात येत असतील तर केंद्र सरकार उत्पादकाला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. सक्तीचा रिकॉल निघाला तर दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. तक्रार केंद्र सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर. बस-ट्रकसारख्या मोठ्या गाड्यांसाठी तक्रारींचा उंबरठा आहे वर्षाला विकल्या गेलेल्या गाड्यांच्या तीन टक्के. आता सुरुवातीची लांबी आठवा. शंभरातल्या तीन मालकांनी लिहिलं तर तो दोष. शंभरही जणांनी टाका मारून रंग लावला तर कागदोपत्री ते मॉडेल निर्दोष.

म्हणून क्रम उलटा करा. तडा दिसला की बस उभी करा. फोटो काढा, एक दुरून, जागा कळेल असा, एक जवळून. चेसिस नंबर, किलोमीटर, तारीख लिहा. पोर्टलवर तक्रार करा, उत्पादकाला पत्र द्या, पोचपावती घ्या. दुरुस्ती त्यानंतर, उत्पादकाच्या पद्धतीने.

चेसिस एका कंपनीचं, बॉडी दुसऱ्याची असेल तर दोघांनाही पत्र द्या, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. जुनी बस घेतली असेल तर नोंदणीत आपला पत्ता आणि मोबाइल बदलला का बघा. रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाकडे जातं आणि त्याच्या रद्दीत विसावतं. रिकॉलची दुरुस्ती फुकट असते, तरी 'काम झालं' असा लेखी कागद घ्या.

मागून ताईंनी विचारलं, बस नऊ वर्षांची असली तर? हे नियम सात वर्षांपर्यंतच्याच गाड्यांना आहेत. म्हणजे ज्या वयात स्कूल बसला जास्त तडे जातात, त्या वयात ही दारं बंद. तरी लिहा. उत्पादक स्वतःहून गाड्या बोलावू शकतो, आणि त्याच मॉडेलची चार वर्षांची बस दुसऱ्या कोणाकडे धावते आहे. त्याच्या तक्रारीशेजारी तुमचा फोटो ठेवता येतो. फोटोत तड्याशेजारी मोजपट्टी धरा, पाच मिलिमीटरचा की पन्नासचा ते दिसलं पाहिजे. हो काका, शाळेची फूटपट्टी चालेल.