दिवाणखान्यातून निरोप

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर ‘फर्ग्युसन मॅन्शन : वास्तू आणि इतिहास’ असा विषय छापला गेल्यामुळे पुढच्या दोन रांगांत फर्ग्युसन महाविद्यालयाचे काही माजी विद्यार्थी मोठ्या आशेने येऊन बसलेले दिसत आहेत. त्यांची आधीच क्षमा मागतो. ज्यांच्या नावाने पुण्यात १८८५ साली महाविद्यालय निघाले ते सर जेम्स मुंबईचे गव्हर्नर होते. माझे फर्ग्युसन अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुइव्हिल शहरात, सरकीच्या तेलाचा धंदा करीत असत. जी सरकी आपण गाईम्हशींपुढे ठेवतो, तिच्या तेलावर एडविन हाइट फर्ग्युसन यांनी एवढा पैसा मिळवला की १९०५ च्या सुमारास त्यांचे थर्ड स्ट्रीटवरील घर पूर्ण झाले तेव्हा ते शहरातील सर्वांत महागडे घर ठरले. खर्च एक लाख डॉलरांवर गेला होता. पुढे कंपनी त्यांच्या हातून गेली आणि १९२४ साली ते घर पिअरसन कुटुंबाने विकत घेऊन तेथे फ्युनरल होम, म्हणजे पार्थिव ठेवून अंत्यदर्शनाची आणि अंत्यविधीची सोय करून देणारे व्यावसायिक ठिकाण, सुरू केले. ज्या दिवाणखान्यात मेजवानीचे पाहुणे जमायचे, तेथे शवपेटीभोवती आप्तस्वकीय जमू लागले.

हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात घराच्या दुर्दैवाची कथा तयार झाली असेल. माझे म्हणणे नेमके उलट आहे, आणि घरचे लोक ते वारंवार ऐकून कंटाळलेले असल्यामुळे आज तुमच्यापुढे मांडतो आहे. ते घर पहिल्या दिवसापासूनच अर्धे फ्युनरल होम होते. कॉब आणि डॉड या वास्तुविशारदांनी ते बोझार शैलीत, म्हणजे पॅरिसच्या कलाशाळेतून अमेरिकेत गेलेल्या भारदस्त, रेखीव शैलीत उभारले. त्या काळातील धनिकांच्या अशा घरांत राहण्याच्या खोल्यांपेक्षा पाहुण्यांना सामावून घेण्याचाच विचार अधिक असतो. पुढे प्रशस्त दालन, त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांत उघडणारी दालने, भिंतीत सरकून नाहीसे होणारे दरवाजे, आणि मागे नोकरांचा वेगळा जिना, असा त्यांचा सर्वसाधारण आराखडा. शोक करणारे पुढून येतात, काम करणारे मागून, आणि दोघांची गाठ पडू नये ही तर अंत्यविधीच्या व्यवसायाची पहिली गरज असते. फारशी मोडतोड न करता ती अशा घरात भागते.

आपल्याकडे असेच जुने वाडे मंगल कार्यालये झाले. चौकात पंगत बसते, ओसरीवर वरपक्ष, माजघरात वधूपक्ष, आणि आचाऱ्यांची ये-जा परसदारातून. तेच गणित, फक्त प्रसंग वेगळा. आपल्याकडे पार्थिव त्याच दिवशी घराबाहेर पडते, त्यामुळे ते ठेवण्यासाठी आपल्याला दिवाणखाना लागलाच नाही. घराबाहेर काढायची वाट मात्र लागते.

येथे थोडे विषयांतर होईल. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये. माझे मामा एका गृहसंकुलात सहाव्या मजल्यावर राहत असत. ते गेले त्या पहाटे आमच्या ध्यानात आले की लिफ्टमध्ये चार माणसे उभी राहू शकतात, पण आडवे एकही माणूस मावत नाही. तिरडी वर बांधावी तर जिन्याच्या वळणावर ती फिरत नव्हती. शेजारच्या एका अनुभवी काकांनी सांगितले, “खुर्चीत बसवून उतरवा, आमच्या इमारतीत सगळे असेच उतरतात.” आयुष्यभर कुणाचा आधार न घेतलेला माणूस आम्ही जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत, उपरण्याने बांधून, सहा मजले खाली आणला, आणि तिसऱ्या मजल्यावरील दूधवाल्याने त्यांना सवयीने नमस्कारही केला. तिरडी खाली, दुचाकींच्या रांगेत बांधली. बिल्डरवर मी मनसोक्त चिडलो. चार दिवसांनी माझेच जुने नकाशे काढून पाहिले तेव्हा कळले की तसलेच वळणाचे जिने मीही वीस वर्षे काढत आलो आहे. आमच्या आराखड्यांत वरवधूंची खोली असते, बाळाची असते. घरातून कोणी शेवटचे बाहेर पडणार आहे याची नोंद नसते. वाड्याच्या दिंडी दरवाज्यातही वाकावे लागे, पण वरात निघायची असो वा प्रेतयात्रा, मोठा दरवाजा उघडण्याची सोय होती.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे : पाच मिनिटे. इतिहास अजून सुरू व्हायचा आहे, तेव्हा तो धावतच सांगतो.

अमेरिकेतही पूर्वी मृत्यू घरचाच होता. सुतार पेटी करून देई, बायका स्नान घालत, पार्थिव घरच्या दिवाणखान्यात ठेवले जाई. १८६१ साली यादवी युद्धात कर्नल एल्सवर्थ पडले तेव्हा डॉ. थॉमस होम्स यांनी रसायने भरून, म्हणजे शवलेपन करून, त्यांचा देह टिकवला. १८६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे असेच टिकवलेले पार्थिव वॉशिंग्टनहून स्प्रिंगफिल्डला रेल्वेने नेले गेले. सुमारे १,६५० मैलांच्या, जवळजवळ दोन आठवडे चाललेल्या त्या प्रवासात लाखो लोकांनी शवलेपनाचे काम पाहिले. पेट्या करणारे सुतार हळूहळू अंत्यविधीचे व्यावसायिक झाले आणि १८८२ साली त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. घरातील दिवाणखाने लहान होत गेले, तशी त्यांची जागा व्यावसायिकाच्या दिवाणखान्याने घेतली. ‘होम’ हा शब्द त्या नावात उगाच आलेला नाही. त्याच सुमारास मोटारगाड्या आल्या, श्रीमंत शहराबाहेर राहायला गेले, नोकर मिळेनासे झाले, आणि प्रचंड घरे स्वस्तात विक्रीला निघाली. लुइव्हिलचा हा भाग तेथे १८८३ ते १८८७ या काळात भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर विशेष भरभराटीला आला होता. त्या प्रदर्शनात एडिसनचे ४,६०० दिवे लागले होते, पण ते सोडून देतो. पिअरसन कुटुंबाने घर घेतले ते या ओहोटीच्या काळात.

फ्युनरल होमनंतर १९८६ साली त्या घरात फिल्सन हिस्टॉरिकल सोसायटी आली. ही संस्था १८८४ सालची. तिला ज्यांचे नाव आहे त्या जॉन फिल्सन यांनी १७८४ साली केंटकीचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला होता. आता जुनी पत्रे आणि हस्तलिखिते चाळणारे अभ्यासक तेथे येतात, हळू आवाजात बोलतात आणि संध्याकाळी निघून जातात. २०१६ साली संस्थेने शेजारी नवी इमारत बांधली. मी गेलो होतो तो त्याआधी. पुन्हा जाण्याचा योग आला तर त्या इमारतीच्या लिफ्टची मापे टेपाने घेऊन येईन.