काय दाखवू, ताई?

(लक्ष्मी रस्ता, पुणे. सकाळचे अकरा. शटर नुकतीच वर गेली आहेत.)

दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की आवाज येतो, "या ताई, काय दाखवू?" साडी घ्यायची की ड्रेस मटेरियल, हे आपलं अजून ठरलेलंही नसतं. तोवर गादीवर पहिली साडी उलगडलेली असते.

मागच्या लग्नसराईत मी आईला घेऊन अशाच एका दुकानात गेले होते. आहेराच्या सहा साड्या घ्यायच्या होत्या, बाराशेच्या आतल्या. तेवढं सांगायच्या आत समोर पैठण्या आल्या. "नुसत्या बघा हो काकू, बघायला पैसे पडत नाहीत." एक, दोन, पंधरा. पदर आईच्या खांद्यावर, समोर आरसा, हातात चहाचा कप. आईला नाही म्हणता येईना. एवढा ढीग काढायला लावला, चहा घेतला, आता तसंच उठायचं कसं, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. आहेराच्या साड्यांबरोबर एक न ठरवलेली साडी घेऊन आम्ही बाहेर पडलो. ती अजून कपाटात आहे. तिची घडी मोडलेली नाही.

आईची चूक नव्हती, हे मला आधी सांगायचंय. समोरच्याने आपल्यासाठी कष्ट घेतले की भीड पडते, आणि ती पडावी असंच आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. त्या भिडेवर माल खपवणं मला पटत नाही.

(गादीवर साड्यांचा ढीग. दोन हात एक साडी घडी घालताहेत.)

जुन्या पद्धतीच्या दुकानात माल कपाटात असतो. तिथे दाखवणारा माणूस लागतोच, आणि चांगला दाखवणारा असला तर त्याचं ऋण मानावं. काठ जरीचा आहे की नुसत्या चकाकत्या धाग्याचा, रंग जाईल की राहील, हे तो दोन वाक्यांत सांगतो. पण नव्या दुकानांत कपडे हँगरवर, हाताशी टांगलेले असतात. तिथेही कोणीतरी दोन पावलं मागे चालत असतं. आपण थांबलो की थांबतं. आपण कुर्ता हातात घेतला की, "यात दुसरा कलर दाखवू?"

हे कशासाठी, ते दुकानात काम करणाऱ्यांना विचारलं की कळतं. महिन्याचं टार्गेट असतं. बऱ्याच ठिकाणी बिलावर सेल्समनचा नंबर पडतो आणि इन्सेंटिव्ह त्या नंबरावर मिळतो. काही दुकानांत पडून राहिलेला माल काढला तर वरचे पैसे वेगळे. गिऱ्हाईक एकटं फिरताना दिसलं तर फ्लोअर मॅनेजर डोळ्यांनी खुणावतो. मागे चालणारी मुलगी स्वतःच्या हौसेने चालत नसते.

आणि ती दिवसभर उभी असते. एकीला मी बराच वेळ बघत होते. गिऱ्हाईक नसताना तिने डाव्या पायाची चप्पल काढली, तळवा उजव्या पोटरीवर घासला, पुन्हा चप्पल घातली. मग दुसरा पाय. शेजारी तीन स्टुलं रिकामी होती. ती गिऱ्हाइकांची.

(कोळिकोड, केरळ. मिठाई गल्ली.)

या उभं राहण्याविरुद्ध केरळात बायका लढल्या. कोळिकोडच्या या बाजारात शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी 'पेण्कूट्टू' ही संघटना उभी केली. सुरुवातीची मागणी स्वच्छतागृहाची होती, कारण दुकानांत काम करणाऱ्या बायका दिवसभर पाणी पिणंच टाळत होत्या. मग मागणी आली बसण्याची. २०१८ मध्ये केरळने दुकानांचा कायदा बदलला आणि विक्रेत्यांना बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय असावी, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात होतं. दुकानातल्या बाईच्या पायांपर्यंत ते पोचायला सत्तर वर्षं लागली.

(पुन्हा लक्ष्मी रस्ता. दुपार, गर्दी कमी.)

आता मी दुकानात शिरतानाच बोलते. "आहेराच्या चार साड्या, बाराशेपर्यंत. त्यावरच्या काढू नका." आकडा सांगायला मी पूर्वी लाजायचे. खरं तर आकडा कळला की दाखवणाऱ्याचाही जीव हलका होतो. पंधरा साड्या उलगडून पुन्हा घडी घालायच्या कोणाला हव्या असतात? भवानीच्या वेळेला नुसतं बघायला जात नाही, दुपारी जाते.

आणि हँगरच्या दुकानात सांगते, "मी आधी एक चक्कर मारते. लागलं की तुम्हालाच बोलावते." यातलं 'तुम्हालाच' फार महत्त्वाचं. नुसतं 'बघतेय' म्हटलं तर तिला वाटतं गिऱ्हाईक हातचं गेलं, आणि ती मागे येत राहते. 'तुम्हालाच' म्हटलं की ती तिच्या जागी थांबते. तरीही मॅनेजर तिला पुढे ढकलत असेल, तर मी त्याच्याकडे जाऊन बोलते. तिला ऐकवण्यात अर्थ नाही.

मागच्या वेळी मी दाखवणाऱ्या मुलीला खरंच हाक मारली. तिने चार साड्या काढल्या, पाचवी काढली नाही. त्यातल्या एकीच्या काठाला आतून धागा सुटलेला होता. तो तिनेच दाखवला आणि साडी बदलून दिली.

बिलाच्या काउंटरवर विचारलं, "कोणी दाखवलं?"

मी तिच्याकडे हात केला. नंबर टाईप झाला. बिल हातात आल्यावर मी तो पुन्हा वाचला, तिच्या बिल्ल्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला, आणि मगच पिशवी उचलली.