गढूळ चालेल, खारं नको

श्रोतेहो, नमस्कार. बागेच्या गप्पांमध्ये तुमचं स्वागत.

पाचोऱ्याकडच्या एका ताईंनी विचारलंय की नळ चार दिवसांनी येतो आणि तो घरातच पुरत नाही. दारात बोअर आहे, पण त्याचं पाणी घातलं की गुलाबाची पानं पिवळी पडतात. मग कुंड्यांसाठी 20 लिटरचा जार लावावा का?

ताई, जार मुळीच लावू नका. दहा कुंड्यांना जार लावला तर उन्हाळ्यात गुलाब सोन्याच्या भावाने पडेल. झाडांसाठी पाणी विकत आणायची वेळ सहसा येत नाही. घरात कुठलं पाणी कसं आहे, एवढं ओळखता आलं पाहिजे.

आणि ओळखायचं ते इतकंच. झाडाला गढूळ पाणी चालतं, खारं चालत नाही. पुन्हा सांगते, गढूळ चालतं, खारं चालत नाही. आपण नेमकं उलटं करतो. पावसाळ्यात नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं की बादली बाजूला सारतो, आणि काचेसारखं नितळ बोअरचं पाणी मात्र कुंडीत बिनधास्त ओततो. अहो, तापी-गिरणेच्या पुराचं पाणी गढूळच असतं. पांझरा नदीवरच्या फडांना, म्हणजे गावाने मिळून भिजवायच्या शेतांना, बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेकडो वर्षं मिळत आलं, ते काय फिल्टर करून? माती झाडाला परकी नाही. त्रास होतो तो पाण्यात विरघळून बसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या क्षारांचा.

हे मला कुणी शिकवलं ते सांगते. काही जणांनी माझ्या तोंडून ही गोष्ट आधी ऐकली असेल. आज पुन्हा ऐका, मला ती सांगायला आवडते.

जळगावात आमच्या गच्चीवर मोगऱ्याच्या अकरा कुंड्या होत्या. मे महिना. मे महिन्यातलं जळगाव-भुसावळ मी तुम्हाला काय सांगू! दुपारी बाराला गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी नळाने हातावर घेतलं की हात मागे येतो. घरात मोठा कूलर. आता एसी घरोघर आले, पण माझं मत विचाराल तर आपल्या कोरड्या हवेला कूलरसारखं दुसरं सुख नाही, आणि त्यातही खसच्या ताटीचा तो ओला वास! असो. तर हा कूलर दिवसाला पाच-सहा बादल्या पाणी पितो, आणि आमच्याकडे त्यात बोअरचंच पाणी भरायचं.

आठ दिवसांनी कूलर धुवायचा तर तळाला अर्धी टाकी पाणी उरलेलं. मी म्हटलं, गटारात कशाला सोडू? बादल्या भरून गच्चीवर नेल्या आणि मोगऱ्याला घातल्या. स्वतःवर इतकी खूश होते की शेजारणींना बोलावून दाखवलं, बघा, पाणी वाया जाऊ देत नाही मी!

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात पानांचे काठ करपायला लागले. टोकापासून तपकिरी होत आत येत होते, पापड भाजताना कडेने रंग धरतो ना, तसे. मी म्हटलं, उन्हाने होतंय. जुनी साडी बांधून सावली केली आणि पाणी वाढवलं. कुठलं पाणी? तेच, कूलरचं. तिसऱ्या आठवड्यात कळ्या गळायला लागल्या. कुंडीच्या मातीवर पांढरी साय धरली. मला वाटलं बुरशी आली, म्हणून हळद टाकली. हसू नका, तुम्हीही टाकली असती.

आमच्या गल्लीत एक आक्का राहतात. आयुष्य यावलकडे केळीच्या मळ्यात गेलं, आता लेकाकडे असतात. एकदा वाळवण बघायला म्हणून गच्चीवर आल्या. मोगऱ्यापाशी थांबल्या. मातीवरची ती पांढरी साय नखाने उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली. मी ओरडलेच, "अहो आक्का!" त्यांनी थुंकून टाकलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तू झाडेस्ले मीठ पाजी राहिनी व माय."

मी म्हटलं, आक्का, मी कशाला मीठ घालू? घरचंच पाणी घालते. त्या म्हणाल्या, कुठलं पाणी ते दाखव. खाली आलो. त्यांनी कूलरचं दार उघडून आतलं गवत बघितलं. गवतावर पांढरे खडे, बोटाने दाबले तर कुरकुर वाजले. मग मला म्हणाल्या, चार ताटल्या आण.

स्टीलच्या चार ताटल्या आणल्या. एकीत नळाचं पाणी, एकीत बोअरचं, एकीत कूलरचं. वरच्या मजल्यावर एसी आहे, त्याच्या नळीतून टिपटिप पाणी पडतं, ते चौथीत. प्रत्येकीत चार-चार चमचे, जास्त नाही. ताटल्या गच्चीच्या कठड्यावर उन्हात मांडल्या आणि आम्ही चहाला बसलो. आक्कांनी तेवढ्या वेळात त्यांच्या मळ्यातल्या विहिरीची भांडणं सांगितली. ती फार रंगतदार आहेत, पण ती पुन्हा कधी.

मे महिन्याचं ऊन. तासाभराने वर जाऊन बघतो तर ताटल्या कोरड्या ठणठणीत. एसीच्या ताटलीत काही नाही, नुसता धुळीचा एक ठिपका. नळाच्या ताटलीत कडेला पुसट कडं, तिरकं धरलं तर दिसेल इतकंच. बोअरच्या ताटलीत पांढरी गोल रेघ, खडूने काढल्यासारखी. आणि कूलरच्या ताटलीत, श्रोतेहो, अख्ख्या तळावर पांढरी खपली! आक्कांनी ती ताटली माझ्या हातात दिली आणि बोलल्या काहीच नाहीत.

हिशेब साधा आहे. कूलर उडवतो ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. आठ दिवसांत सहाशे लिटर पाणी ओतलं असेल, तर त्या सहाशे लिटरमधले क्षार तळाच्या पन्नास-साठ लिटरमध्ये येऊन बसतात. थोडे गवतावर चिकटतात, बाकीचे बादलीत. आणि ती बादली मी मोगऱ्याला पाजत होते, तीही काटकसर म्हणून! मीठ म्हणजे जेवणातलंच असं नाही हं. चुना, मॅग्नेशियम, सोडियम, सगळेच आले. ते मातीत साठले की मुळाला पाणी ओढता येत नाही. माती ओली आणि झाड तहानलेलं. म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि आणखी क्षार चढतात.

उपाय आक्कांनीच सांगितला. वरची अंगठ्याएवढी माती खरवडून टाकायची. मग कुंडीत जितकी माती मावते त्याच्या दुप्पट गोडं पाणी सावकाश ओतायचं, खालच्या भोकातून वाहू द्यायचं. सोपं वाटतं ना? एका कुंडीला वीस लिटर, अकरा कुंड्यांना दोनशे वीस लिटर, आणि नळ दोन दिवसाआड! मला निवड करावी लागली. सात कुंड्या धुतल्या. खालून आलेलं पाणी काळ्या चहासारखं होतं, ते घमेल्यात धरून रस्त्यावरच्या कडुनिंबाला घातलं, तो बहाद्दर सोसतो. उरलेल्या चार गेल्या. त्यातला एक बट मोगरा होता, त्याचं अजून वाईट वाटतं.

बरं, आता माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून बाकीचं भरभर सांगते.

नळाचं पाणी. त्यात क्लोरीनचा वास फार येत असेल तर बादली रात्रभर उघडी ठेवा, बराच उडून जातो. आणि आमच्या बायाबापड्यांना एक विनवणी. नळ आला की कालचं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं, ही कुठली रीत? पाणी काय भाकरी आहे शिळी व्हायला? आणि शिळ्या भाकरीचाही आपण कुस्करा करून खातोच की! ते पाणी कुंडीला घाला. लग्नातही तसंच. अर्ध्या प्यालेल्या बाटल्यांचा खच पडतो. मी पिशवी घेऊन जाते आणि निघताना गोळा करते. घरचे लाजतात, लाजू देत.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी चालतं. अंडी किंवा भाजी नुसती उकडलेलं, थंड केलेलं पाणीही चालतं, फक्त त्यात मीठ नको. कपड्यांच्या साबणाचं पाणी कुंडीत नकोच, त्यातही सोडियम असतो.

आरओचं वाया जाणारं पाणी घालू का, हे हमखास विचारतात. बघा, यंत्र एक पेला देतं आणि तीन पेले बाहेर टाकतं असं धरलं, तर चार पेल्यांतले क्षार तीनमध्ये येतात. म्हणजे मूळ पाण्याच्या सव्वापटीहून थोडे जास्त. यंत्रात नळाचं गोडं पाणी जात असेल तर खुशाल घाला. बोअरचं जात असेल तर ते पाणी फरशी पुसायला ठेवा. आणि पाणी मऊ करायचं मिठावर चालणारं यंत्र असेल, तर त्यातलं पाणी झाडाला अजिबात नको. ते चुना काढून घेतं आणि बदल्यात सोडियम देतं.

एसीचं पाणी जवळजवळ पावसासारखं असतं. मात्र आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच कोरडी, म्हणून ते थोडंच मिळतं. गरज नसते तेव्हा, जुलैत, बादल्या भरतात.

ताटल्या मांडायचा कंटाळा असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा पेनासारखा मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो, चार घरांत मिळून एक घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा शेतीच्या पाण्यासाठी ठोकताळा असा: लिटरला 450 मिलिग्रॅमच्या खाली निर्धास्त, 2000 च्या वर नको, मधे असेल तर जपून. कुंडीत माती थोडी, म्हणून आपण जरा जास्तच जपायचं.

आता पाचोऱ्याच्या ताईंचा गुलाब. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं असेल तर लोह मातीत असतं पण मुळाला मिळत नाही. जड पाण्यातला चुना माती अल्कधर्मी करतो, म्हणून असं होतं. दहा लिटरच्या बादलीत अर्धा चहाचा चमचा लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, विरघळवा आणि पंधरा दिवसांतून एकदा द्या. त्याहून जास्त नाही. पण लिंबूफुलाने खारेपणा जात नाही, हे लक्षात ठेवा. खाऱ्या पाण्यात गोडं पाणी अर्धंअर्धं मिसळणं, हाच त्यावरचा स्वस्त इलाज.

आणि गोडं पाणी कुठून आणायचं? वरून! पाचशे चौरस फुटांच्या स्लॅबवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर साडेचारशे लिटरच्या वर पाणी होतं. दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम एका सरीत भरून वाहतील. पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण जाऊ दे. मग पाइपाच्या तोंडाला धोतराचं फडकं बांधा. ड्रमला घट्ट झाकण हवं, नाहीतर डासांची पैदास होऊन मोगऱ्याऐवजी डेंग्यू घरी येईल. त्यातही थोडं गढूळ आलं तर तुरटी फिरवत बसू नका. काय सांगितलं मी? गढूळ चालतं, खारं चालत नाही.

पाणी सकाळी लवकर घाला. टाकीचं पाणी तापायच्या आत.

काचेपलीकडून बोट वर झालंय, म्हणजे आता आवरायला हवं. त्या सात मोगऱ्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. जूनच्या पहिल्या दोन पावसांत उघड्यावर भिजवले, जुलैत नवी फूट आली. आक्कांनी सल्ल्याची फी म्हणून वर्षभर गजरे मागितलेत, आणि त्या मोजून घेतात.

ताई, तुम्ही चार ताटल्या उन्हात ठेवा आणि कुठल्या ताटलीत काय उरलं ते आम्हाला कळवा. कूलरची ताटली नुसत्या राखेने निघायची नाही, चिंच लावावी लागते. नमस्कार.