मासा मिठाकडे आला

(दृश्य: स्वयंपाकघरातलं सिंक. पातेल्यात पाणी, पाण्यात माशाचा जाड पांढरा तुकडा.)

काल सकाळपासून हा तुकडा पाण्यात आहे. पातेल्यात आधी चाळणी उपडी घातलीय, तिच्यावर मासा, कातडीची बाजू वर. चाळणी कशाला? माशातून सुटलेलं मीठ तळाशी बसतं. मासा तळाला टेकला, की त्याच खाऱ्या पाण्यात लोळत राहतो. कातडी खाली ठेवली, तर मीठ तिच्याशी अडतं. आतापर्यंत चार वेळा पाणी बदललं. आता कडेचा एक कण तोडून जिभेवर ठेवायचा. खारट लागला? मग अजून एक पाणी.

आपण दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरात, एका घरात आहोत. हा मासा कॉड. ताजा असतो तेव्हा फ्रेंच लोक त्याला काबियो म्हणतात, मीठ लागलं की तोच मोर्यू होतो. (आपल्या मोरूशी याचं काही नातं नाही.) आणि या मोर्यूचा जो पदार्थ होतो, तो ब्रांदाद.

(दृश्य: मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग.)

गंमत अशी की नीमला समुद्रकिनारा नाही आणि कॉड भूमध्य समुद्रात सापडत नाही. तो थंड पाण्याचा मासा, पार अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडच्या बाजूला मिळायचा. मग त्याचं नीममध्ये काय काम? काम मिठाचं. इथून साधारण 40 किलोमीटरवर एग-मोर्तची मिठागरं आहेत. कॉड धरायला जाणाऱ्यांना मीठ लागायचं पोत्यांनी. ते मिठासाठी इकडे यायचे आणि बदल्यात खारवलेला मासा देऊन जायचे, असं इथे सांगतात. ख्रिस्ती लोकांना उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा मात्र चालायचा, त्यामुळे घेणारी घरं तयारच होती.

कॉड टिकतो, कारण त्याच्या मांसात चरबी नावापुरती. सगळी यकृतात. लहानपणी नाक दाबून कॉड लिव्हर ऑइल घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपला बांगडा तेलकट, खारवून ठेवला तरी खवट व्हायची धास्ती. शिवाय आपण खारा बांगडा खातो तो खारटपणासाठीच. चिमूटभर मासा, वाटीभर पेज. इथे मात्र दीड दिवस खपून ते मीठ काढून टाकायचं.

(दृश्य: गॅसवर पातेलं.)

मासा गार पाण्यात ठेवून मंद आचेवर चढवायचा. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर मासा चिवट होतो. कडेला बारीक बुडबुडे धरले, की आठ-दहा मिनिटं पुरे. निथळून, कोमट असतानाच हाताने पाकळ्या सोडवायच्या. काटे डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात.

आता खरं काम. अर्धा किलो माशाला दीडशे मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि तेवढंच दूध, दोन्ही कोमट. मासे खाऊन वर दूध प्यायलं तर आपल्याकडे आजी रागवायची. इथे दोन्ही एकाच भांड्यात. लाकडी चमच्याने मासा घोटत राहायचा, तेलाची धार सुतासारखी. थोडं तेल, थोडं दूध, पुन्हा तेल. ब्रांदाद हे नावच तिकडच्या ऑक्सितान भाषेतल्या हलवण्या-ढवळण्याच्या क्रियापदावरून आलंय. ऐका. (चमच्याचा आवाज, फक् फक्.) सुरुवातीला आवाज कोरडा येतो, मग ओला, मग जड. तेवढ्यात धार जरा मोठी पडली आणि कडेला तेल सुटलं. घाबरायचं नाही. चमचाभर कोमट दूध, आणि पुन्हा घोटणं.

(दृश्य: सालासकट उकडलेले बटाटे.)

नीमचे जुने लोक इथेच थांबतात. त्यांच्या मते ब्रांदादमध्ये बटाटा म्हणजे भेसळ. बटाटा घातलेल्याला पार्मांतिए म्हणतात, आंत्वान पार्मांतिए या औषधशास्त्रज्ञाच्या नावावरून. प्रशियाच्या कैदेत बटाट्यांवर दिवस काढून परतलेल्या या माणसाने अठराव्या शतकात फ्रेंचांच्या गळी बटाटा उतरवला. मला विचाराल तर घरी बटाटा हवाच. नुसत्या मासा-तेलाचे चार घास जातात, पाचवा जड होतो. बटाटे तीनशे ग्रॅम, पिठूळ. सोलून गरम असतानाच या हँडलच्या यंत्रातून काढायचे. ओळखलंत? थेट आपलं पुरणयंत्र. मिक्सर मात्र नको, बटाट्याची खळ होते.

बटाटा माशात मिसळला. ठेचलेल्या लसणाची एक पाकळी, मिरपूड. मिठाची चव आत्ता, अगदी शेवटी बघायची. आज घालावं लागलं नाही.

(दृश्य: ओव्हनमधून निघालेलं भांडं, वर ब्रेडचा खरपूस चुरा. जेवणाचं टेबल.)

तळलेल्या पावाच्या तुकड्यावर पहिला घास. इतकं बोटांनी चाचपूनही एक काटा निघालाच. तो ताटाच्या कडेला ठेवून यजमानीणबाई दुसरा तुकडा उचलतात.